जुन्या दारावरचं ठेसन

मु. तांडा, लोहाऱ्याजवळ, यवतमाळ
पोळ्याचा आदला दिवस

प्रिय मित्र नजीर यास,

पूनमसिंगचा जय सेवालाल, आणि त्याच्या मागोमाग सलाम. इकडे सगळे बरे आहेत. तुझा गुडघा कसा आहे? अम्मींची तब्येत? (हे फोनवरच विचारलं असतं. आठवडा झाला, सकाळ-संध्याकाळ लावतो, तू उचलत नाहीस. पोस्टमनला तरी दारातून परत पाठवणार नाहीस, म्हणून हे पत्र.)

गुन्हा कबूल आहे. माझ्या एका फोटोपायी तू ऐंशी पार केलेल्या अम्मींना घेऊन अकोल्याहून मूर्तिजापूरला उतरलास आणि कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या आपल्या छोट्या गाडीची, शकुंतलेची, दोन तिकिटं मागितलीस. खिडकीतला माणूस भला, त्यानं चहा पाजून परत धाडलं, असं तुझ्या लेकीनं, गझालानं, कळवलं. तू मला शिव्या घातल्या असत्यास तर मी निवांत झोपलो असतो. साठ वर्षांच्या दोस्तीत तू असा गप्प कधी बसला नव्हतास, त्यामुळे मला एका जागी बसवत नाही. (एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून फाटकापर्यंत जाऊन आलो. फाटकाशी काही काम नव्हतं.) तेव्हा काय झालं ते नीट वाच, मग पाहिजे तर दोस्ती तोड.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून माझ्या हातांना चैन नाही. घरातले दोन पंखे, मिक्सर आणि शेजाऱ्याचा पंप मी बिघडलेले नसताना दुरुस्त केले. शेवटी आमच्या सौ. मानीबाईनं हात टेकले. "तुमी घरातल्या कोन्त्याच वस्तूले हात लावू नका. नवीन काही बनवाचं असन तं बनवा, मोडलं तं तुमचंच मोडन." मग मी गोठ्याचं जुनं दार आडवं टाकलं आणि त्यावर आपलं ठेसन उभारायला घेतलं. आपलं म्हणजे आपलंच, जिथे तुझे अब्बा चहा विकायचे आणि आपण दोघं गाडी हलली की मागच्या डब्याला लोंबकळून सिग्नलपर्यंत फुकट जायचो.

काळी माती मैद्याच्या चाळणीतून गाळली (चाळणी अजून परत केलेली नाही, ती परत करण्यासारखी राहिली नाही). तारेचे खांब तुराट्यांचे, ठेसनाचं छप्पर आणि अब्बांचं दुकान तेलाच्या पिंपाच्या पत्र्याचं, दुकानातली चहाची किटलीसुद्धा. गाडीचे डबे जुन्या लग्नपत्रिका कापून केले. त्यातला एक डबा उलटा केला की खालून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं निघतं, पण गाडी कोण उलटी करून पाहतो? इंजिन मी कोळशाचंच केलं होतं. त्याचं धुरांडं दोनदा गळून पडलं, तिसऱ्यांदा केरात गेलं, तेव्हापासून ते डिझेलचं दिसायला लागलं. धुरांडं टिकलं असतं तर तू फसला नसतास.

खरे हाल झाले ते फोटोचे. वरून काढला की दाराची कडी दिसायची. म्हणून मोबाईल मुंगीच्या डोळ्यांएवढ्या उंचीवर धरायचा, म्हणजे अंगणात पालथं पडायचं आणि श्वास रोखायचा, कारण माझ्या श्वासानं सिग्नल पडायचा. दोन दिवसांत सव्वाशे फोटो काढले. एकात फलाटावर इंजिनाएवढी कोंबडी उभी आहे. एकात मागे फार सुंदर डोंगर आला होता, तो वाळत घातलेला माझा लेंगा निघाला. जाता-येता लोक मानीबाईला विचारायचे, भाऊ चक्कर येऊन पडले काय? ती म्हणायची, "नाही, तसेच आहेत."

आणि शेवटी शेत. रंगवलेल्या भुशाचं शेत करून पाहिलं, ते मंगल कार्यालयातल्या गालिच्यासारखं दिसलं. तेव्हा मला अक्कल सुचली आणि रुळांच्या कडेनं मी सरळ खरे गहू पेरले. बंजाऱ्याच्या पोटी जन्मून, भर श्रावणात, तांड्याच्या मधोमध! तू तर लहानपणापासून पाहत आलास, आमच्या कुमारिका पोरी श्रावणात टोपल्यांत गहू पेरून तीज बसवतात, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात आणि मग विसर्जन करतात. यंदा तीज बसवायची की नाही, यावर तांड्याचा मुखिया हिरासिंग नायक तोंड उघडत नव्हता. पोरींनी माझे कोंब पाहिले आणि परवानगी मिळाली असं धरून चालल्या. माझीच नात राखी सगळ्यांच्या पुढे. दोन्ही वेळा पंधरा पोरी तांबे घेऊन येऊ लागल्या. मी म्हटलं, बायांनो, हे ठेसन आहे. तर राखी म्हणते, "आबाजी, तीजले नाही म्हनू नये. तुमची गाडी जराशी मागं घ्या ना." घेतली मागे. (नायकाचीही नाही म्हणायची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं परवानगी दिली आणि नारळ मलाच फोडायला लावला.)

पाचव्या दिवशी अर्धा फलाट वाहून गेला. सहाव्या दिवशी मातीचा ठेसनमास्तर टोपीपर्यंत विरघळला. पण सातव्या दिवशी सकाळी गहू वीतभर झाला होता, रुळांत पाणी साचून त्यात आभाळ दिसत होतं, उदबत्तीचा धूर इंजिनामागे रेंगाळत होता. मी पालथा पडलो आणि फोटो काढला. नजीर, तो पाहून मला रडू आलं. खोटं कशाला सांगू?

तुला धाडताना त्याच्याखाली 'बघ मी काय बनवलं' असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'गाडी आली.' थट्टा नव्हती, मला तेव्हा तसंच वाटत होतं. पण तूही कमालच केलीस. हिवाळ्यातला गहू श्रावणात डब्याच्या खिडकीएवढा उभा, तरी शंका नाही? अब्बांना जाऊन वीस वर्षं झाली आणि त्यांचं दुकान फलाटावर उघडं, तरी नाही?

दोन दिवसांनी मी डिंक आणायला यवतमाळला गेलो. परत येतो तो पोरींनी रीतीप्रमाणे सगळा गहू उपटून नाल्यावर नेलेला. चार कोंब माझ्या टोपीत खोचले आणि पाया पडल्या. पाया पडणाऱ्या पोरींवर रागवायचं तरी कसं? दारावर आता चिखल, वाकडे रूळ आणि अब्बांचं पत्र्याचं दुकान एवढंच उरलं आहे.

मला माफ कर. अम्मींना या वयात खोट्या गाडीची आशा लावली, हे मनातून जात नाही. त्यांना म्हणावं, पूनमसिंग पाया पडतो.

तुझा (ठेवलास तर) मित्र,
पूनमसिंग

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. आत्ता तुझ्या गझालाच्या फोनवरून अम्मी मानीबाईशी बोलल्या. त्यांना फोटो पाहताक्षणी कळलं होतं. अब्बा डावखुरे, किटली कायम त्यांच्या डाव्या अंगाला. मी ती उजवीकडे ठेवली. मुलगा असून तुझ्या लक्षात आलं नाही, दोस्त असून माझ्या. मानीबाईनं विचारलं, मग पेटी भरून निघाल्या कायले? अम्मी म्हणाल्या, "चार सालापासून म्हनून राह्यली, मले गावाले ने. नजीरले टाइमच नाही. फोटो पाहून तो पयल्यांदा सोताहून उठला. मी कायले बोलू?" तेव्हा वरची माफी मी परत घेतो. फसलास तू एकटा. पोळा झाला की त्यांना घेऊन ये, आणि एसटीनं ये.

आणखी एक ता. क. किटली डावीकडे सरकवली आहे. पण नेमकी कुठे, ते अम्मींनाच ठाऊक, म्हणून अजून चिकटवलेली नाही.