आमचा कंपू

४ मार्च १९७४
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार.
भट्टीजवळ पंखा हवा म्हणून आम्ही चौघं पर्सोनेल साहेबांकडे गेलो. भीमराज, चांदभाई, थेरगावचा चिमाजी आणि मी. बाकीचे म्हणतात भीमराज बोलला. आवाज त्याचा, मुद्दे माझे. साहेब हसून म्हणाले, तुमचा कंपू फार जोरात आहे! छाती फुगली. एकोणीस वर्षं एकत्र जेवतो, पण आम्हाला नाव कोणी दिलं नव्हतं.

५ मार्च
कंपू शब्द कुठून आला ते शोधून तिघांना कँटीनमध्ये समजावणार. चांदभाई म्हणाला, अर्ज्या, आधी भाकरी खा. चौघांचे डबे एकत्र उघडायची आमची रीत. माझी भाजी सगळ्यात आधी संपते. चिमाजी म्हणतो, तूच खातुस म्हनून.

११ मार्च
प्रमोशन! सुपरवायझर! चौघांत फक्त मी. साहेबांना माणसाची पारख आहे. पंख्याचं विचारायचं राहिलं. उद्या नक्की.

१२ मार्च
पांढरा शर्ट मिळाला. स्टाफचं कँटीन वेगळं, टेबलावर कापड. मी मात्र कामगारांच्या बाकावरच जेवणार. हुद्दा आज आहे, उद्या नाही. आज पहिला दिवस, स्टाफला वाईट वाटू नये म्हणून तिकडे बसलो. पंखा राहिलाच.

२० मार्च
अखेर गेलो डबा घेऊन. तिघंही उठून उभे राहिले. रोज पाठीत धपाटा घालणारा चांदभाई बाक पुसून म्हणाला, बसा साहेब. थट्टाच असणार. मी हसलो. कोणी हसलं नाही. पंख्याबद्दल काय ठरलं, असं चिमाजीला विचारलं. म्हणाला, आमी काय ठरवनार, तुमी म्हनाल त्ये. डबे तिघांनी आपापल्या पुढ्यात ओढून घेतले. घास उतरेना. पित्त असेल. उद्यापासून चहा बंद.

२८ मार्च
शेजारच्या कुसुमताई शाळेत मराठी शिकवतात. त्यांना विचारलं. म्हणाल्या, कंपू म्हणजे कॅम्प, छावणी. पूर्वी गोऱ्यांच्या पद्धतीनं कवायत केलेल्या पलटणींना कंपू म्हणत. मग कुठल्याही छोट्या गटाला म्हणायला लागले. झकास! पलटण! पुढे म्हणाल्या, पण आपल्या माणसांना आपण सहसा कंपू म्हणत नाही. बाहेरचा म्हणतो, आणि बहुतेक वेळा त्याला तो डोळ्यात खुपत असतो. बाई विद्वान, पण कंपनीत काम केलेलं नाही. तिघांना एवढं सांगणार नाही.

३ एप्रिल
साहेबांनी नवा शिफ्ट चार्ट दिला. भीमराज रात्रपाळीत. चांदभाई दुसऱ्या पाळीत. चिमाजी पहिलीत, पण पेंट शॉपला. सही सुपरवायझरची लागते. उद्या स्पष्ट नकार देणार. आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज चांगला लागला.

४ एप्रिल
सही केली. साहेबांनी चहा मागवला. समोरच्याचा चहा पिऊन वाद घालणं बरं दिसत नाही. शिवाय रात्री भट्टीजवळ उकाडा कमी असतो. म्हणजे भीमराजला पंख्याची गरजच उरली नाही. प्रश्न मिटला.

५ एप्रिल
गेटवर भीमराज. सायकल हातात धरून उभा. म्हणाला, तू निदान सांगायचं तरी होतंस. एवढंच बोलला आणि गेला. मला ‘तू’ म्हणाला, त्याचं बरं वाटलं. घरी येऊन मात्र रडलो. सगळं पुन्हा पहिल्यासारखं करणार. रविवारी तिघांच्या घरी जाणार.

१४ एप्रिल
रविवार. जमलं नाही. कपडे इस्त्रीला होते.

२ मे
तिघांचे रजेचे अर्ज आले, एकाच दिवसाचे. मंजूर केले. कारण विचारलं नाही. सुपरवायझरनं खासगी गोष्टीत नाक खुपसू नये. पंखा पुढच्या उन्हाळ्यात.

९ मे
टाइम ऑफिसात कळलं, चांदभाईच्या मुलीचं, शहाजादीचं लग्न झालं. जेवण भीमराजनं वाढलं, पाहुण्यांना स्टेशनवरून चिमाजीनं आणलं. पाळ्या वेगळ्या असून जमवलं त्यांनी. चांदभाई समोर आला तेव्हा अभिनंदन केलं. म्हणाला, जागा लहान होती साहेब, स्टाफला बोलावता आलं नाही.
शहाजादी पाळण्यात होती तेव्हापासून मी तिला ओळखतो. रजा माझीही शिल्लक होती.