उजवी पेटी

ता. ९ जानेवारी

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही आणि धाकटी जाऊबाई खुशाल असाल. मी ठीक आहे. गुडघे कुरकुर करतात, पण अजून दोन जिने चढू देतात. लेक तिच्या घरी मजेत आहे. दर रविवारी फोन करून औषध घेतलं का विचारते. म्हणजे आता तीच माझी आई झाली आहे.

माझं अक्षर पाहून नवल वाटलं असेल. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं. त्या दिवशी तुम्ही फाटकाशी छत्री मिटून उभे होतात, ते मी पाहिलं होतं. पुन्हा मान वर केली तेव्हा फाटकाशी कोणी नव्हतं.

आता कामाचं लिहिते. ह्यांचा स्टीरिओ मी दुरुस्तीला काढला आहे. लेकीचं म्हणणं, "आई, ते धूड भंगारात दे. मुठीएवढा स्पीकर आणते, फोनवरून वाजेल." मी म्हटलं, "मुठीएवढ्यावर धूळ ती किती बसणार? मग मी दिवसभर पुसू काय?" ती हसली आणि विषय तिथेच राहिला. ह्यांचा चष्मा, बूट, सायकल, सगळं मी देऊन टाकलं. या एका वस्तूचं झाकण मात्र उघडवत नव्हतं.

बाजारामागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाले आहेत. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात, कारण ते यंत्राला आधी कान लावतात आणि मग तोंड वाकडं करतात. घरी येऊन त्यांनी स्टीरिओ जमिनीवर उतरवला, चटईवर मांडी घातली आणि तीन दुपारी तिथेच काढल्या. आतले कंडेन्सर फुगले होते, ते बदलले. रेकॉर्डची थाळी फिरवणारा पट्टा चिकट होऊन तुटला होता. सुई झिजली होती. स्पीकरच्या पेटीतल्या कागदी कोनाची कड बोट लागताच चुरा झाली, तीही नवी बसवली. शिवाय मागे एक खाच करून दिली आहे. तिथे फोन जोडला की फोनमधली गाणीही या पेटीतून वाजतील. ती लेकीची सोय.

"आणि दुसरी पेटी?" त्यांनी विचारलं.

"दिरांकडे."

"दुरुस्तीला?"

"वाटणीत गेली."

मग सगळं सांगावंच लागलं. दोघा भावांनी एका मोडक्या कपाटाच्या लाकडातून या पेट्या घरीच बनवल्या, आतून एकीवर ह्यांनी 'डावी' लिहिलं, एकीवर तुम्ही 'उजवी'. बावीस वर्षांपूर्वी घर वेगळं झालं तेव्हा यंत्र आमच्याकडे आलं, रेकॉर्डी तुमच्याकडे गेल्या आणि पेट्या एकेक. डॉक्टर हातातला स्क्रू तसाच धरून ऐकत राहिले. म्हणाले, "बाई, भांडणात लोकांनी कपाटं कापलेली ऐकली आहेत. आवाज कापलेला आज पाहिला."

त्यांना आत आणखी एक गोष्ट सापडली. डावीकडची आणि उजवीकडची तार कोणीतरी यंत्राच्या आतच एकमेकींना जोडली होती, म्हणजे दोन्ही बाजूंचं गाणं एकाच पेटीतून यावं. जोडावर पट्टी होती आणि पट्टीवर पेन्सिलने तारीख. ह्यांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. मीटर दुरुस्तीच्या कारखान्यात प्रत्येक कामावर तारीख टाकावी लागे, तर घरी बादलीची कडी बसवली तरी हे तारीख टाकायचे. ती तारीख वाटणीनंतर तीन वर्षांची निघाली.

डॉक्टरांनी तो जोड काढून मला दाखवलं, आधी कसं वाजत असेल ते. नुसती बासरी आली. ती थोडं वाजली आणि थांबली. मग काहीच नाही, सुईची खरखर फक्त. मग बासरी पुन्हा अशी सुरू झाली, जणू मधे कोणी काही बोललं होतं आणि ते तिला पटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उत्तर देणारं व्हायोलिन दुसऱ्या पेटीत आहे. तेव्हा मला आठवलं. पहिली तीन वर्षं हे असंच ऐकायचे. आधी मी ती कधी लक्ष देऊन ऐकली नव्हती; मला वाटायचं, ती रेकॉर्डच तशी आहे. मग एके दिवशी व्हायोलिन आलं. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "नवी आणली का?" हे म्हणाले, "तीच आहे. जरा जोडून घेतली."

डॉक्टरांचा सल्ला आहे की नव्या पेट्यांची जोडी घ्यावी. एक जुनी आणि एक नवी यांचं जमत नाही म्हणतात. मी म्हटलं, थांबा, आधी एक पत्र लिहून पाहते.

तर विचारायचं ते एवढंच. उजवी पेटी तुमच्याकडे आहे का? की टाकून दिली? टाकली असेल तरी माझा काही राग नाही.

परवा कपाट आवरताना तुम्ही दिलेला शब्दकोश निघाला. मी चौथी शिकलेली. संध्याकाळी तुम्ही दोघे रेकॉर्ड लावायचात आणि तिचं रिकामं पाकीट माझ्या हातात द्यायचात, मागचा मजकूर मोठ्याने वाचायला. मी अडखळले की तुम्ही म्हणायचात, "पुन्हा, वहिनी. गाणं संपायला अजून वेळ आहे." आज वाचनालयातली बाई मला नवी पुस्तकं काढून ठेवते. त्याची सुरुवात त्या पाकिटांची आहे, हे एकदा लिहायचं होतं.

धाकटीला माझी आठवण सांगा, तिला चालणार असेल तर. खाली सही काय करावी यात बराच वेळ गेला. पत्ता पाठीमागे लिहिला आहे, त्यावरून कळेलच.



ता. ४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

नमस्कार. कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली नाव नाही. मधे दोन ओळी. "पेटी आहे. बासरी-व्हायोलिनची ती रेकॉर्ड तुमच्याकडे नव्हती ना?"

कार्ड हातात घेऊन मी खुर्चीवर बसले आणि दूध उतू गेलं. मागच्या पत्रात पानभर लिहून मी जे लिहायचं टाळलं होतं, ते माझ्याच हातून लिहिलं गेलं होतं.

नव्हती असं मी सांगितलं होतं. ती होती. सामान हलवताना कोणी झाकण उघडून पाहिलंच नाही. या घरात आल्यावर पहिल्या दिवशी मी झाकण उघडलं तर ती थाळीवर तशीच. ह्यांना म्हटलं, ही भाऊजींच्या वाट्याची दिसते. हे म्हणाले, "राहू दे. न्यायला येईल तो." त्यात रेकॉर्डीपेक्षा तुमच्या येण्याचीच गोष्ट जास्त होती, हे मला तेव्हाही कळलं होतं.

आणि तुम्ही आलात. दुसऱ्या महिन्यातला शनिवार, दुपार. हे जादा कामावर गेले होते. तुमच्या हातात चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं होतं. दोन जिने चढून तुम्हाला धाप लागली होती. गाठोडं तुम्ही पायरीवर टेकवलं.

"दादा आहे?"

"नाही."

"ती रेकॉर्ड इकडेच राहिली का, वहिनी? थाळीवर?"

"इकडे काही राहिलं नाही. तुमच्या वाट्याचं सगळं तुम्ही नेलंत."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग "बरं" म्हणालात. मी दार पूर्ण उघडलं नाही. पाणी विचारलं नाही. तुम्ही गाठोडं उचललंत आणि खाली गेलात. प्रत्येक वळणावर ते कठड्याला आपटत होतं. लाकूड आपटल्याचा आवाज.

भाऊजी, त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. निळ्या चौकड्यांची ती चादर मीच शिवली होती, तिच्या एका कोपऱ्याला माझा वाकडा टाका आहे. आणि त्या कापडातून पेटीचे चारही कोपरे दिसत होते. रेकॉर्ड हे निमित्त होतं. तुम्ही पेटी घेऊन आला होतात.

असं का केलं, हे मी ह्यांच्या मागे दीड वर्ष स्वतःला विचारते आहे. धाकटीशी माझं फारसं काही नव्हतं. भांड्याला भांडं लागायचं तेवढंच. तुमच्याविषयी तर मनात कधी काही नव्हतं. पण लग्नानंतर अकरा वर्षांनी मला पहिल्यांदा असं दार मिळालं होतं, जे मी लावलं की लागत होतं. तुम्ही आत आलात की पेटी आत येणार, पेटी आली की संध्याकाळ येणार, आणि महिन्याभरात चुली पुन्हा एक होणार, असं मला वाटलं. दोन खोल्यांसाठी केलं मी ते. त्या खोल्या आजही माझ्याच आहेत. त्यात बसून हे लिहिते आहे.

त्या संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "आज कोणी आलं होतं का?" मी "नाही" म्हटलं. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. दर शनिवारी दुपारी ती रेकॉर्ड लावायचे, अर्धी. तीन वर्षं. मग जोडून घेतली. आता मला वाटतं, ज्या दिवशी तो जोड केला त्या दिवशी त्यांनी वाट पाहणं सोडलं. की दार वाजलं तर नीट ऐकू यावं म्हणून आधी उजवी बाजू रिकामी ठेवली होती? कोण जाणे. विचारायला हवं होतं. मी विचारलं असतं तर त्यांनी मला विचारलं असतं.

फडताळावर डाव्या हाताला पेटी आणि उजव्या हाताला तेवढीच जागा मोकळी. एकदा मी तिथे माझी पुस्तकं मांडली. संध्याकाळी पुस्तकं टेबलावर नीट रचून ठेवलेली होती. पुन्हा मी तिथे काही ठेवलं नाही.

तुम्ही आलाच नाहीत असं समजून ते गेले. हे सगळं मी त्यांना सांगायला हवं होतं, ते तुम्हाला सांगते आहे. पेटी मागायला आता मला तोंड नाही. पाठवू नका. रेकॉर्ड मात्र तुमची आहे. कशी पोचवू ते एका ओळीत कळवा. कळवलं नाहीत तरी मी समजेन.

या पत्रालाही सही करत नाही. वहिनी म्हणवून घेण्यासारखं मी त्या दारात काही केलं नव्हतं.



ता. २ मार्च

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. मंगळवारी मी वाचनालयातून परत आले तर दारापुढच्या पायरीवर निळ्या चौकड्यांचं गाठोडं. खालची शेजारीण वर धावत आली.

"एक गृहस्थ आले होते. तासभर पायरीवर बसून होते हो. मी म्हटलं, माझ्याकडे बसा. तर म्हणाले, नको, मला या पायरीची सवय आहे."

"आणखी काही म्हणाले?"

"म्हणाले, जिना पूर्वीपेक्षा उंच केलाय कोणीतरी."

मी तिच्यासमोर हसले. आत येऊन दार लावलं आणि मग बराच वेळ गाठ सुटेना.

तुमच्या पेटीच्या कोनाची कडही आमच्या पेटीसारखीच गेलेली आहे. डॉक्टर म्हणाले, दोघींना एकाच वयात एकच आजार. त्यांनी ती बसवून दिली, दोन्ही तारा आपापल्या जागी लावल्या आणि नव्या जोडीचा विषय पुन्हा काढला नाही. पेटी मी मोकळ्या जागेत सरकवली. अगदी बसली, बोटभरही इकडेतिकडे नाही. जोडावरची तारखेची पट्टी शब्दकोशात ठेवली आहे.

पेटीच्या मागे चिकटवलेली चिठ्ठी वाचली. "वहिनी, डावी-उजवी उलट लावू नका. दादाला चालणार नाही." तुमचं अक्षर तस्संच आहे, घाईत असल्यासारखं. चिठ्ठीतला पहिला शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. मोठ्याने, अडखळत, पूर्वीसारखा.

यंत्र तयार आहे. नवी सुई आहे. फोनवरून लेकीने पाठवलेली गाणी दोन्ही पेट्यांतून वाजवून पाहिली, छान वाजतात. ती रेकॉर्ड मात्र मी लावलेली नाही. पहिल्या दिवशी होती तशी थाळीवर आहे, झाकणाखाली. तिचा मालक मी नाही, सुई त्याने ठेवायची आहे. इतकी वर्षं बासरी बोलत होती, व्हायोलिन काय म्हणत होतं ते मी उजव्या पेटीतून अजून नीट ऐकलेलं नाही.

शनिवारी दुपारी मी कुठे जात नाही. या शनिवारी नाही, तर पुढच्या. धाकटीलाही आणा, मी भांडी बाजूला ठेवेन. चादर धुऊन घडी करून ठेवली आहे, ती न्यायची आहेच. दार उघडं असेल. पूर्ण.

तुम्ही हाक मारलीत म्हणून सही करते,

तुमची
वहिनी