चिमूटभर मीठ

धाकट्या,

‘प्रिय’ लिहून खोडलं. तसंही हे पत्र मी पाठवणार नाहीये.

डॉक्टर म्हणाले होते, बाबांचं मीठ कमी करा. बंद कर, हे तू फोनवरून सांगितलंस. तीन वर्षं मी अळणी स्वयंपाक केला, मिठाची बरणी वरच्या फळीवर लपवली. बाबा ताट पुढे सरकवून म्हणायचे, “चिमूटभर दे गं.” मी दिलं नाही.

ते गेल्यावर तू आलास. सवयीनं त्या दिवशीही भाजी अळणीच झाली. पहिल्याच घासाला तू तोंड वाकडं केलंस.

“ताई, हे कसं खायचं माणसानं?”

मी स्टुलावर चढून बरणी काढून दिली. तू चांगलं दोन चिमटी मीठ घेतलंस.

बाबा एकच मागायचे.

तुझं ऐकणारी,
ताई