दुकानातली देवी

मंगळवार, ता. १३ ऑक्टोबर १९३१. सायंकाळचे सहा. रॉकेलने कुंचले धूत बसलो आहे. आज एकही वापरला नव्हता.

चार महिने खपून काढलेले देवीचे चित्र रेवदंड्याला रतनशेठच्या किराणा दुकानात विकायला टांगले होते. अलिबागचे वकीलसाहेब ते उद्या नेणार, म्हणून आज आणायला गेलो. पाहतो तर गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर बोटभर कुंकू. त्या कपाळावरचा उजेड साधायला मला आठ दिवस लागले होते!

चित्राला हात घातला तोच मासळीची पाटी घेतलेली एक म्हातारी कोळीण ओरडली, "आईला कुठं नेतस रं? घट बसलेत ना!"

"मावशी, ते विकायचं आहे."

"आई विकतोस? उद्या घरची पन बाजारात बसवशील!"

दुकानात आलेल्या बायका हसल्या. रतनशेठ म्हणाले, "दसऱ्यानंतर बघू." तोवर वकीलसाहेब थोडेच थांबणार? आणि ते कुंकू तेलात कालवलेले. पुसायला जावे तर कपाळाचा रंगही निघेल. भांडायला हवे होते का? मी तर चपला काढून हात जोडले. का जोडले?

रंगवाल्याचे देणे सात रुपये, तसेच. आजचा खर्च: होडीभाडे दोन आणे, देवीपुढे ठेवला एक पैसा.