उलटं कपाट

प्रिय दादा,

तोंडी परीक्षा झाली. पास झाले. फोनवर तू 'किती मार्क?' एवढंच विचारशील, म्हणून लिहून कळवते आहे.

नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, हे तुला माहीत आहे. समोर एक सर, एक बाई. पहिलाच प्रश्न: लांबून आलेला भारित कण जड अणुकेंद्राजवळ पोचतो आणि दूर ढकलला जातो, त्याची वाट किती अंशांनी वळते? मी फळ्यावर इंटिग्रल मांडलं आणि अडकले. छेदात अंतर, वर्गमुळातही अंतर, आणि वरची सीमा अनंत. पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर येत होतं, पण कोरं.

मग दिसलं माझं कपाट. गेल्या महिन्यात माझी खोली हलवताना ते जिन्याच्या वळणावर अडकलं होतं. मी टेप लावून तीनदा मोजलं आणि ते वर जाणं शक्य नाही हे सिद्ध केलं. तू पट्टा आवळत म्हणालास, "मास्तरीण, हिशोब बरोबर असेल तुझा, जरा बाजूला हो." कपाटाचे पाय वर, डोकं खाली करून तू आणि तुझ्या जोडीच्या हमालाने ते सहज वर नेलंत. मला तेव्हा रागच आला होता.

फळ्यावर मी तेच केलं. अंतर उलटं करून 'एक भागिले अंतर' हा नवा चल घेतला. अनंताच्या जागी शून्य आलं, वर्गमुळाखाली साधी द्विघाती राशी उरली, चार ओळींत उत्तर. युक्ती पुस्तकातलीच आहे. पण ऐन वेळी कशी आठवली, असं सरांनी विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं: माझा भाऊ सामान हलवतो, त्याच्यामुळे. दोघंही हसले. बाईंचं पुस्तकांचं कपाट दोन वर्षं तळमजल्यावरच अडकून पडलंय म्हणे. तुझा नंबर दिला आहे.

पदवीदानाला काम आहे म्हणून येणार नाहीस, असं तू आईला सांगितलंस. खरं कारण काम नाही, हे मला कळतं. शाळेत तुझा गणिताचा पेपर राहिला तेव्हा मी पाहुण्यांसमोर म्हणाले होते, दादाला अपूर्णांकसुद्धा कळत नाहीत. सगळ्यांत मोठ्याने तूच हसला होतास. मी तसं बोलायला नको होतं. काल मला तारलं ते एका अपूर्णांकानेच. आईशेजारची खुर्ची तुझी आहे. बहिणीने काय केलं असं कुणी विचारलं, तर 'कपाट उलटं केलं' म्हण. पूर्ण मार्कांचं उत्तर आहे.

तुझीच,
मास्तरीण