रानरेड्यासाठी काडतूस

२ मार्च, रविवार
शुक्रवारी लंचला आमचे डायरेक्टर व्हान विक (मूळचे दक्षिण आफ्रिकेतले) यांनी विचारलं, रवींद्र, शिकार करतोस का? हो म्हणालो. तसं खोटं नाही. साताऱ्याच्या जत्रेत फुगे फोडलेत. जूनमध्ये त्यांच्याकडे रानरेड्याच्या शिकारीला बोलावलंय. ऑफिसात दुसऱ्या कुणाला नाही! माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे या देशात राहून नोकरी करायचा परवाना, जुलैत संपतो आणि रिन्यूअल त्यांच्या हातात. म्हणजे रेडा पडला की पास झालाच. जाताना म्हणाले, कुठलं काडतूस वापरणार ते ठरवून ठेव.
संकल्प: रोज अभ्यास.

८ मार्च, शनिवार
ठरलं. थ्री सेव्हंटी-फाइव्ह. रेड्यासाठी बहुतेक ठिकाणी याहून बारीक चालतच नाही. पहिली गोळी सॉफ्ट पॉइंट, आत जाऊन फुलणारी. पुढच्या सॉलिड, न फुलता हाडं फोडत जाणाऱ्या. साधनाला नीट समजावलं. बायको असून उत्साह शून्य. म्हणाली, बाथरूममध्ये झुरळ दिसलं की तुम्ही मला हाक मारता.
विषय वेगळा आहे. झुरळ उडतं.

१५ मार्च, शनिवार
ऑफिसच्या टेबलावर ठेवायला एक रिकामं काडतूस ऑनलाइन मागवत होतो. लेक ओरडली, बाबा, इल्लीगल लाह! एम्प्टी वन ऑल्सो! गार्गी इथेच जन्मली, कायदा पाठ आहे. यंदा तिची ओ-लेव्हल, म्हणजे आपली दहावीच. घरात पोलीस नकोत. ऑर्डर कॅन्सल.

२३ मार्च, रविवार
बंदुकीच्या धक्क्याचा सराव. क्वीन्सटाउनच्या आमच्या इमारतीखाली, खांबावर खांदा आपटून. शेजारच्या आंटी टायगर बाम घेऊन आल्या. मग डॉक्टर. फ्रोझन शोल्डर म्हणे, आधीपासूनच असणार. हात कानापर्यंत जात नाही. तात्पुरतं आहे.

४ एप्रिल, शुक्रवार
नवा विचार. रेडा हा दिखाऊ लोकांचा प्राणी. जाणकार माणूस कुडू मारतो, म्हणजे मोठ्या शिंगांचं हरीण. त्याला थ्री-ओ-एट पुरतं आणि धक्काही कमी. लंचला व्हान विकना गोळीचं वजन, वेग, वारा, सगळं सांगितलं. ते सूप ढवळत राहिले. मध्येच म्हणाले, मला तुझ्याशी जरा बोलायचं होतं. मी म्हणालो, आधी सॉफ्ट पॉइंटचं पूर्ण करू द्या.
प्रभावित झाले असावेत. जेवलेच नाहीत.

२२ एप्रिल, मंगळवार
खांदा जास्तच. आता इम्पाला. बोकडाएवढं हरीण, पण चपळ! टू-फॉर्टी-थ्री फायनल.
शेजारच्या टेबलावरचा परेश हळूच म्हणाला, तुला एचआरनं बोलावलं का? त्याला बोलावलं होतं. मी म्हणालो, मला कशाला बोलावतील, मी डायरेक्टरांबरोबर शिकारीला चाललोय. तो माझ्याकडे बघत राहिला. जेलसी.

९ मे, शुक्रवार, दुपार
व्हान विकनी केबिनमध्ये बोलावलं. बसता बसताच टू-फॉर्टी-थ्रीचं सुरू केलं. त्यांनी हात वर केला. आमची टीम बंद होतेय. पास रिन्यू होणार नाही.
म्हणाले, मार्चअखेरपासून सांगायचा प्रयत्न करतोय. पण तू गोळ्यांवर इतका खुशीत बोलायचास, की माझा धीरच व्हायचा नाही. त्यांचे डोळे भरून आले. मीच त्यांना पाणी दिलं.

९ मे, संध्याकाळ
साधनाला सांगितलं. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, गार्गीला तुम्हीच सांगा.
गार्गी केमिस्ट्रीचे जुने पेपर सोडवत होती. मी दारात उभा राहिलो. तिनं मान वर न करता विचारलं, बाबा, व्हॉट?
म्हणालो, काही नाही. कर अभ्यास.