अंगणातली बंद गाडी

वडनेर,
ऑक्टोबर २००४

प्रिय स्वप्निल,

रविवारी फोनवर तू गाडीचं विचारलंस आणि मी "बंदच आहे, बघू" म्हणून विषय बदलला. बाबा शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, कोणाचा होता? मी म्हटलं, स्वप्निलचा. "बरं," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. म्हणून हे सगळं कागदावर लिहिते आहे.

श्रावणातल्या चतुर्थीला आम्ही केळझरच्या गणपतीला निघालो होतो. जामच्या चौकात बाबांनी गाडी उभी केली. मला वाटलं, चहा घ्यायचा असेल. पण इंजिन चालूच, हात स्टीअरिंगवर आणि डोळे समोरच्या पाट्यांवर. ज्या चौकातून या माणसाने उभी हयात आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानाचा माल आणला, तिथे वर्ध्याला कुठे वळायचं हे त्यांना कळत नव्हतं. मागे ट्रकवाले हॉर्न देत होते. मी हळूच म्हटलं, डावीकडे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाळा, ती नजर मला नाही सांगता येणार. आणि तेवढ्यात इंजिन आपोआप बंद पडलं.

टपरीवरची माणसं धावत आली. आपल्याकडे बंद गाडी दिसली की काय झालं हे विचारायच्या आधीच लोकांचे हात डिकीला लागतात. "काका, सेकंडात टाका, आमी मारतो धक्का." बाबांनी एकदा चावी फिरवली. रीळ नसलेलं शिलाई मशीन फिरावं तसं इंजिन गर्रकन नुसतंच फिरलं, कुठे अडलं नाही. आणि त्या आवाजासरशी तुझे बाबा परत आले. काच खाली करून म्हणाले, "धक्का नका मारू रे भाऊ. टायमिंग बेल्ट गेला. हलकं फिरून राह्यलं, कॉम्प्रेशन नाई त्यात." एकजण म्हणाला, "बोनेट न उघडताच कळलं? मंग आमची नाडीबी पाहून द्या काका." सगळे हसले. बाबाही हसले, कितीतरी दिवसांनी.

जामच्या गॅरेजचा धर्मेंद्र, जो आपल्याच दुकानातून पार्ट न्यायचा, त्याने गाडी ओढून घरी आणली. अंगणातच नवा बेल्ट चढवला, खुणा जुळवल्या, तरी सुरू होईना. मग बाबांनी कपाटातून त्यांचा कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब मोजायचा गेज काढला. चारही प्लग काढले, एकेका भोकात गेज बसवला आणि मला आत बसवून चावी फिरवायला लावली. "सुलू, ॲक्सिलरेटर पूरा दाबजो. हवा जाऊ दे आत." दोन सिलिंडरांची सुई छान चढली, मधल्या दोघांची जेमतेम हलली. तेव्हा त्या दोघांत पिचकारीने थोडं तेल सोडून पुन्हा पाहिलं. तेलाने सुई चढली तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, नाही चढली तर हवा व्हॉल्वमधून जाते आहे. नाही चढली. बेल्ट तुटला तेव्हाच पिस्टन लागून व्हॉल्व वाकले होते. "इंजिनचं हेड उघडा लागते," फडक्याला हात पुसत ते म्हणाले, आणि मला लग्नानंतरचं आपलं दुकान आठवलं. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधली, खोक्यांवरचं इंग्रजी फाडफाड वाचायचे आणि आतली एक वस्तू ओळखू यायची नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते मला डोळे मिटायला लावून हातात एकेक पार्ट ठेवायचे. व्हॉल्व मी सगळ्यांत आधी ओळखायला शिकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात आले, उघडं बोनेट पाहिलं आणि विचारलं, "गाडीले काय झालं?" पुन्हा प्लग, पुन्हा गेज, पुन्हा तेल. तिसऱ्या दिवशीही तेच. तुला मी "थोडं विसरतात" एवढंच सांगत आले. ते आता बरंच पुढे गेलं आहे. वर्ध्याचे डॉक्टर म्हणतात, मागे येणार नाही. दिवसभर ते सदऱ्याचं बटण चाचपत बसतात, कधीच वारलेली त्यांची आई शेतातून आली का विचारतात. पण बोनेटपाशी त्यांचा हात एकदाही चुकत नाही.

धर्मेंद्र हेड उघडायला आला तेव्हा मी त्याला परत पाठवलं. "काऊन काकू? गाडी सुरू नाई करायची?" मी म्हटलं, सुरू झाली तर ते निघतील रे, आणि आता कुठलाच चौक त्यांना ओळखू येणार नाही. त्याने अवजारं परत पिशवीत टाकली. मग म्हणाला, "रोज फिरवून बॅटरी बसन. मी चार्ज करून देत जाईन, तुमी काळजी नोका करू."

परवा मी नेहमीसारखी गाडीत जाऊन बसले. बाबा खिडकीशी वाकले आणि फार अदबीने म्हणाले, "मॅडम, थोडी चावी फिरवून द्यान का? आमची सुलू घरात दिसून नाई राह्यली. तिले बरोबर जमते." मी चावी फिरवली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. "वा," ते म्हणाले, "तुमालेबी जमते."

दिवाळीत पुण्याहून माणूस आणून गाडी सुरू करायची, बाबांना चकित करायचं, असं तू म्हणालास. तेवढं नको करूस म्हणून हे पत्र. तू मात्र नक्की ये. आल्या आल्या "मला ओळखलं का" असं विचारू नकोस. सगळे तेच विचारतात आणि त्यांचा चेहरा पडतो. बोनेटपाशी जाऊन उभा राहा आणि विचार, गाडीला काय झालंय. ते तुला सगळं समजावून दाखवतील. तेल सोडल्यावर सुई चढणार नाही, हे तुला ठाऊक असेल. तरी त्यांच्या शेजारी वाकून बघ. मी आत बसून चावी फिरवीन.

अंगणात तुझी वाट पाहणारी,
तुझीच
आई